सगळे पोचलेत

ऑरिन हॉगनला मी आयुष्यभर शिव्या घालत आले आणि त्यातली एकही मला परत घ्यायची नाही. हट्टी होता, तुसडा होता, आणि एकदा नाही म्हणाला की दारात साक्षात गव्हर्नर येऊन उभा राहिला तरी त्याचं हो व्हायचं नाही. पण मार्चमधल्या त्या शनिवारी जे झालं त्याचं सगळं खापर गावाने त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडलं, तेव्हा माझं डोकं सटकलं. कॉफीच्या दुकानात बसून तोंड सोडणाऱ्यांपैकी एकही त्या दिवशी मैदानावर नव्हता. मी होते. म्हणून सांगते.

ऑरिनचा जन्म आमच्या हॅरो गावातलाच. चाळीसेक वर्षं त्याने काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला, तोही गॅरिटी खिंडीत, जिथे दुसरं कोणी जायला तयार नसायचं. खिंडीबद्दल तो असा बोलायचा जसं कोणी सासरच्या माणसांबद्दल बोलावं. तिच्या सगळ्या खोड्या त्याला पाठ होत्या. कुठल्या वळणावर वारा आडवा येतो, कुठे खालच्या ओढ्याची वाफ रस्त्यावर चढून गोठते, कुठे कठडा नुसता नावाला आहे, सगळं तो जेवताना सांगायचा. बायको आयरीन लवकर गेली. मूलबाळ नाही. नाताळात हा माणूस एकटा बसून बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटायचा, त्याच्या नॉर्वेच्या आजीच्या पद्धतीच्या, आणि वर्षभरात ज्यांच्याशी भांडला असेल त्यांच्या घरी आधी नेऊन द्यायचा. माझ्याकडे दरवर्षी यायच्या.

लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ, त्याच्या गळ्यात पडलं ते बर्फामुळेच. इथे खेळाचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, म्हणजे वसंत फक्त कॅलेंडरवर असतो. एका सकाळी तो खिंडीतून ट्रक घेऊन परतत होता, तर आमच्या कॉलेजची दहा-बारा पोरं फावडी घेऊन मैदान साफ करत होती. समोरचा संघ निघाला होता, दुपारी पोचणार होता. ऑरिनने पाच मिनिटं ते बघितलं, कोणालाही न विचारता काउंटीचा ट्रक सरळ मैदानात घातला आणि सगळा बर्फ बाजूला सारला. त्यात गवताचा एक पट्टाही सोलून निघाला. काउंटीने त्याची चांगलीच हजेरी घेतली. पण तो मॅच बघायला बसला तो बसलाच. पुढच्या आठवड्यात घरून भोंगा घेऊन आला आणि टेबलापाशी वेळ मोजायला बसला. बसा असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं आणि आता उठा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

ही पोरं म्हणजे कॉलेजची सावत्र लेकरं. बस, स्टेडियम, डॉक्टर, फोटो, सगळं फुटबॉलवाल्यांना. लॅक्रॉसचा नुसता क्लब. पोरांनीच वर्गणी काढायची, पोरांनीच गाड्या हाकायच्या, त्यांच्यातलाच एक अध्यक्ष व्हायचा आणि परीक्षा बुडवून फोन करत बसायचा. खिंडीच्या अलीकडच्या-पलीकडच्या अशा आठ-नऊ कॉलेजांनी मिळून कॉन्फरन्स, म्हणजे आपसातल्या मॅचेसची संघटना, चालवलेली. नाव ऐकून कोणाला वाटेल केवढं मोठं खटलं असेल! हायस्कूलचा एक मास्तर, दोन म्हातारे रेफरी आणि ऑरिन, एवढीच ती कॉन्फरन्स. आणि मैदानाच्या कडेला चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्शाचं, पातेलं आणि दालचिनीचे रोल घेऊन उभी असलेली मी, फर्न. मी शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले होते आणि घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं होतं.

बर्फामुळे मॅच रद्द करायची की नाही, हे ठरवायचं काम आपोआप ऑरिनकडे आलं. रस्ते त्याच्याइतके कोणाला ठाऊक? आणि तो कडक होता. त्याचंही कारण होतं. एका वर्षी वॉशिंग्टन राज्यातला एक संघ दिवसभर गाडी मारून दुसऱ्या एका गावी पोचला आणि यजमान पोरं आलीच नाहीत, आदल्या रात्रीच्या बिअरमधून उठली नाहीत. ती पाहुणी पोरं परत जाताना हॅरोत थांबली. ऑरिनने त्यांना माझ्याकडे आणून जेवू घातलं. त्यातलं एक पोरगं ताटावर मान टाकून झोपलं होतं. त्या वर्षीच्या बैठकीत ऑरिनने नियम मांडला आणि पास करून घेतला. ठरलेल्या वेळी दहा खेळाडू हेल्मेट घालून मैदानावर हवेत. नसतील तर संघ आलाच नाही असं धरायचं. एकदा झालं तर ताकीद. दुसऱ्यांदा झालं तर कॉन्फरन्समधून बाहेर.

आणि तो मोजायचा कसा, तर हेल्मेटं. रांगेसमोरून बोट दाखवत चालत जायचा, जर्सीवरचे नंबर मोठ्याने म्हणायचा, झालं. हेल्मेटच्या जाळीआड कोण आहे ते बघायचाच नाही. मी एकदा म्हटलं, अरे, पोरांना जरा तोंड बघून हाक मारत जा. तर म्हणाला, तोंडं बघितली की मन पाघळतं, मग नियम कोणाला लावायचा?

खिंडीपलीकडे आयडाहोच्या बाजूला एल्कहॉर्न कॉलेज आहे. एवढंसं कॉलेज, त्याचा एवढासा संघ. त्यांचा अध्यक्ष मिकेल अरिझागा, पूर्वी परदेशातून इकडे येऊन राहिलेल्या बास्क मेंढपाळांच्या घरातला. बोलायला गोड, पण हट्टात ऑरिनचा नातू शोभला असता. बंद पडलेला क्लब त्याने पुन्हा उभा केला होता. ज्यांनी जन्मात काठी हातात धरली नव्हती अशा पोरांना वसतिगृहातून ओढून आणून त्याने खेळायला शिकवलं होतं. त्यांचा गोलकीपर टीग सोरेन्सन. सकाळी गोठ्यावर दुधाचं काम करायचा आणि मग कॉलेजला. मॅच संपली की बाकीची पोरं खाऊन पसार व्हायची. हा बाह्या सरसावून माझी पातेली घासायला यायचा. नको म्हटलं तरी यायचा. मी त्याला जीव लावला होता, उगीच लपवू कशाला?

हंगामाच्या सुरुवातीलाच अर्धा संघ तापाने झोपला आणि एल्कहॉर्नला एक ताकीद मिळाली. म्हणजे आता एकदा जरी चुकलं तरी खेळ खलास. त्या शनिवारी त्यांची मॅच हॅरोत होती, अकरा वाजता.

सकाळी ऑरिन माझ्या स्वयंपाकघरात पातेलं उचलायला आला होता, तेव्हाच मिकेलचा फोन आला. तो म्हणत होता, बर्फ पडतोय, मॅच पुढच्या आठवड्यात घेता येईल का? ऑरिनने त्याला थांबवून ठेवलं आणि कर्टिसला फोन लावला. कर्टिस म्हणजे आता ऑरिनच्या जागी ट्रक चालवणारा, याच्याच हाताखाली तयार झालेला. कर्टिस म्हणाला, रस्ता चालू आहे, पण मी पुढे गेलो की मागे पुन्हा भरतोय. खिडकीतून बघितलं तर डोंगर नव्हताच. त्या बाजूला नुसता काळपट पडदा होता, आणि वारा असा पडला होता की धुराड्याचा धूर सरळ वर जात होता. मला ते मुळीच आवडलं नाही.

मी म्हटलं, "ऑरिन, आभाळाकडे बघ जरा."

"मी रस्ता बघतो, फर्न. आभाळ बघायला लागलो असतो तर चाळीस वर्षं घरीच बसलो असतो." आणि फोनमध्ये मिकेलला म्हणाला, "रस्ता उघडा आहे. सावकाश या, पण या."

मी पातेल्यावर झाकण आपटलं. त्याने दाद दिली नाही. एकासाठी नियम वाकवला तर उद्या सगळे आभाळाकडे बोट दाखवतील, असं काहीतरी पुटपुटत तो पातेलं घेऊन बाहेर पडला.

अकराला जेमतेम काही मिनिटं असताना एल्कहॉर्नची व्हॅन आणि सामानाचा पिकअप आला. टपावर वीतभर बर्फ. पोरं उतरली ती पांढरीफटक, हसणं नाही की खिदळणं नाही. त्यांची व्यवस्था बघणारी ब्रिन नावाची मुलगी आहे, उंच, खांद्याने रुंद, पिकअप तीच चालवत होती. तिने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की उतरल्यावर बोटं सरळ होईनात. मी तिच्या हातात कॉफीचा कप दिला. टीग कुठाय म्हणून विचारणार होते, तेवढ्यात मिकेलने तिला हाक मारली आणि ती पिकअपमागे गेली. मला रोल गरम करायचे होते. मी तिकडे वळले.

भोंगा वाजायच्या आत ऑरिन रांगेसमोरून चालला. बोट, नंबर, बोट, नंबर. दहा हेल्मेटं. शेवटी गोलकीपर, छातीवर जाड पॅड, गळ्याला पट्टी, हातात ती रुंद जाळीची मोठी काठी. त्याचाही नंबर ऑरिनने म्हटला आणि जाऊन टेबलापाशी बसला. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं चला, आलं पोरगं.

मॅच सुरू झाली आणि बर्फही. एल्कहॉर्नकडे बदली खेळाडू एकही नाही, सगळे धावून धावून धापा टाकत होते. आमची पोरं गोल करत सुटली. मी पातेल्यातलं ढवळत होते, तेव्हा ऑरिनचा फोन वाजला. मी शेजारीच होते आणि त्याच्या फोनचा आवाज मोठा असायचा, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकलं. कर्टिस खिंडीतून बोलत होता, ट्रकमधल्या सॅटेलाइट फोनवरून. रस्त्याच्या कडेला त्याला एक काठी दिसली होती, तुमच्या त्या जाळीच्या खेळाची. तुमची सगळी पोरं आली ना, एवढंच त्याला विचारायचं होतं.

ऑरिनने हे उडवून लावलं नाही, एवढं मात्र खरं. तो उठला, खेळ थांबायची वाट बघितली आणि मिकेलला कडेला बोलावलं.

"तुमचे सगळे आलेत ना रे?"

"हो, मिस्टर हॉगन. सगळे आलेत."

मिकेल हे बोलताना खाली बघत होता, पण तो दमून वाकलेलाच होता. ऑरिनने पुन्हा एकदा मैदानावर बोट फिरवलं. हेल्मेटं मोजली. बरोबर दहा. मग फोन कानाला लावला.

"सगळे पोचलेत," तो म्हणाला. "सामानातून पडली असेल. या पोरांना धड बांधता येत नाही. येताना घेऊन ये, मी देईन ज्याची त्याला."

फोन खिशात टाकून त्याने घड्याळ पुन्हा चालू केलं.

मध्यंतरात मला ब्रिनची आठवण झाली. ती पाण्याच्या बाटल्या भरताना दिसत नव्हती. वाटलं, एवढी गाडी मारून पोरगी दमली असेल, पिकअपमध्ये पडली असेल. एका वाटीत चिली घेतली, वर रोल ठेवला आणि गेले. पिकअपमध्ये कोणी नव्हतं. सीटवर तिचा कोट होता, तिचे बूट होते. त्या थंडीत ही पोरगी बूट काढून गेली कुठे? मी व्हॅनमध्ये बघितलं, बाथरूममध्ये बघितलं. वाटी हातातच गार झाली.

परत आले तोवर खेळ सुरू झाला होता. आमच्या एका पोराने गोलवर सणसणीत फटका मारला. आता मी काही खेळाडू नव्हे, पण इतकी वर्षं बघून एवढं मलाही कळतं. गोलकीपर चेंडूवर चालून जातो. टीग तर असा जायचा की बघवायचं नाही. आणि हा गोलमधला प्राणी मान फिरवून, खांदे गोळा करून उभा होता. चेंडू आत गेला. पुढच्यालाही तेच.

मी टेबलापाशी गेले. "ऑरिन," म्हटलं, "तो गोलकीपर चेंडूला घाबरतोय. आणि ब्रिन कुठेच नाहीये."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग गोलकडे. त्याचं तोंड उतरत गेलेलं मी बघितलं. खेळ चालू असताना भोंगा वाजवणाऱ्याला त्याने कच्चं खाल्लं असतं, पण त्या दिवशी त्याने स्वतः वाजवला, हात उचललाच नाही, वाजवतच राहिला. सगळे होते तिथे थांबले. रेफरी काहीतरी ओरडत होता. ऑरिन मैदानावरून चालत थेट गोलपाशी गेला आणि म्हणाला, हेल्मेट काढ.

आत ब्रिन होती. रडून रडून चेहरा सुजलेला. जाळीआड ती केव्हापासून रडत होती कोण जाणे.

"टीग कुठे आहे?" ऑरिनने विचारलं.

सगळं बाहेर आलं. टीग गोठ्यावरचं काम उरकून त्याच्या लहानशा गाडीतून मागाहून निघाला होता. अकराच्या आत ये, नाहीतर आपण संपलो, असं मिकेलने त्याला बजावलं होतं. टीग म्हणाला होता, फारच वाईट असलं तर मागे फिरेन. खिंडीत साधा फोन लागत नाही. इथे पोचल्यावर तो दिसला नाही, तेव्हा मिकेल धरून चालला की तो मागे फिरला. गोलकीपरचं सामान नेहमी पिकअपमध्ये असतं, फक्त काठी ज्याची त्याच्याजवळ. जादाची काठी होती. ब्रिन उंच होती. हेल्मेट घातलं की कोणाला कळतंय? मिस्टर हॉगन नंबर बघतात, तोंड बघत नाहीत, हे सगळ्या कॉन्फरन्सला ठाऊक होतं.

"मला खरंच वाटलं तो घरी गेला," मिकेल म्हणाला. "देवाशपथ."

त्याक्षणी मला त्या पोराची मानगूट धरून हलवावंसं वाटलं, आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. वीस वर्षांचं पोर. क्लब वाचवायला निघालं होतं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही, हातातली वाटी तेवढी खाली ठेवली.

ऑरिन तोवर कर्टिसशी बोलत होता. आवाज अगदी शांत, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. काठी कुठे सापडली, त्याने विचारलं. कर्टिस म्हणाला, दोन नंबरच्या वळणाच्या पुढे कुठेतरी, नक्की नाही सांगता येणार, सगळं पांढरं आहे. कठडा तुटलाय का? तिथे कठडाच नाही. मग ऑरिनने विचारलं, पडली कशी होती?

यावर कर्टिस इतकं हळू बोलला की मला ऐकू आलं नाही. ऑरिनने ते मोठ्याने पुन्हा म्हटलं, आम्हाला सांगण्यासाठी नव्हे, स्वतःलाच पटावं म्हणून.

"पडलेली नव्हती. उभी होती. बर्फात रोवलेली."

ब्रिन मटकन बर्फात बसली. काठी उपटून ट्रकमध्ये टाकली होती कर्टिसने, सांगितलं होतं तसं. तिच्या जागचं भोक केव्हाच बुजलं असणार.

त्यानंतर ऑरिनने कोणाला रागावलं नाही की कोणाला धीर दिला नाही. शेरीफला फोन केला, मग मैदानावरच्या पोरांना म्हणाला, लांब काठ्या घ्या. लॅक्रॉसमध्ये बचाव करणाऱ्यांच्या काठ्या पुरुषभर उंचीच्या असतात. आमची पोरं आणि त्यांची पोरं, कोण कुठलं बघितलं नाही, मिळेल त्या गाडीत चढली. मी ऑरिनच्या पिकअपमध्ये बसले. उतर म्हणाला, मी उतरले नाही. एरवी खिंडीतल्या प्रत्येक वळणाची कुंडली मांडणारा माणूस, त्या दिवशी ओठ आवळून गाडी हाकत होता.

पोरं रस्त्याच्या कडेने रांग धरून चालली. पुढे-मागे होत, काठ्या उलट्या धरून बर्फात खुपसत, वाकून वाकून खाली बघत. शेरीफची माणसं आली, कुत्रा आला. कर्टिस आला, तो कडेला उभा राहून सारखा म्हणत होता की इथेच, नाही, इथे नाही, पुढे. मोठा बाप्या माणूस, रडवेला झाला होता. ऑरिन त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, तुझी काही चूक नाही, मी सांगितलं ते तू केलंस.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा मिकेलची काठी कशाला तरी लागली आणि तो ओरडला. गाडीच्या आरशाचा तुकडा होता. त्याच्या बरोबर खाली, झाडांत, ओढ्यालगत, गाडी होती. बर्फाने पार झाकलेली, नुसता उंचवटा दिसत होता. शेरीफची माणसं दोर लावेपर्यंत ऑरिन उतरलासुद्धा होता. त्या वयात, त्या उतारावर! मी वरून हाका मारत होते, मला काय मारायच्या होत्या त्या हाका कोण जाणे.

टीग मागच्या सीटवर होता. अंगावर कोट, पायांवर गाडीतली चटई, गोठ्यावरची पोती, जे हाताला लागलं ते. एक पाय मोडलेला. त्या पायाने पोरगं एवढा चढ सरपटत वर आलं होतं, काठी रोवली होती आणि वाऱ्यात थांबवेना म्हणून परत खाली गेलं होतं. ऑरिनने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. वर यायला तो तयार नव्हता, शेवटी दोघांनी धरून आणलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, गेला त्याला फार वेळ झालेला नाही. दुपारी जिवंत असणार.

टीगचा बाप डेल सोरेन्सन दुसऱ्या लांबच्या रस्त्याने आला. संध्याकाळ झाली होती. त्यांच्या गावची शाळेची बस चालवतो तो, ठेंगणा, हातात कानटोपी. आम्ही सगळे दवाखान्याच्या वऱ्हांड्यात होतो. मिकेल भिंतीला टेकून जमिनीवर, ब्रिन त्याच्याजवळ, अजून तेच पॅड अंगावर. डेल आत जाऊन मुलाला बघून आला. बाहेर येऊन त्याने नर्सला काही विचारलं आणि ती ऑरिनकडे बोट दाखवती झाली. तो आला आणि ऑरिनचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्हीच खाली उतरलात ना आधी? एकटा पडून राहिला नाही म्हणजे. उपकार झाले."

ऑरिनने हात सोडवून घेतला.

"सोरेन्सन," तो म्हणाला, "मला दुपारी बर्फाच्या ट्रकवाल्याचा फोन आला होता. काठी सापडली म्हणून. मी सांगितलं, सगळे पोचलेत. काठी काढून घेऊन ये, हेही मीच सांगितलं."

मी त्याची बाही ओढत होते. म्हणजे ही वेळ होती का? मिकेल तिथेच बसला होता, ब्रिन होती. पोरांनी काय केलं ते ऑरिन बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर कधी नाही. गावाने त्याच्यावर खापर फोडलं ते त्यामुळेच.

डेल ओरडला नाही. मग त्याने विचारलं, अगदी एका ड्रायव्हरने दुसऱ्याला विचारावं तसं.

"काठी काढायला तो ट्रकमधून उतरला असेल, नाही का?"

"हो."

"म्हणजे ट्रक थांबला वर."

"थांबला."

"खालपर्यंत ऐकू जातं का हो त्या ट्रकचं इंजिन?"

त्या खिंडीत, त्याच ट्रकमध्ये ऑरिनचा जन्म गेला होता. तो नाही म्हणाला असता तर कोणाला कळणार होतं? वारा होता, बर्फ होता, काच बंद होती, काहीही सांगता आलं असतं. मी त्याच्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, नाही म्हण रे मेल्या, जन्मात एकदा तरी खोटं बोल.

"जातं," ऑरिन म्हणाला.

डेलने मान हलवली. तो बाकावर बसला आणि कानटोपी मांडीवर ठेवली.

"मग त्याला वाटलं असेल, आले," तो म्हणाला.